बापाकडून आलेलं जीन आणि नाक्यावरचं वाइन शॉप

स्थळाची चौकशी करताना मुलाचा पगार, वन बीएचके स्वतःचा की भाड्याचा, हे सगळं झालं की एखादा मामा हळूच विचारतोच, "वडील घेतात का हो?" घेत असतील तर मुलाकडे बघायची नजर बदलते, कारण ते रक्तातच असतं यावर सगळ्यांचं एकमत. आता या मामाच्या मदतीला सायन्स आलंय. थुंकीचं सॅम्पल कुरियरने पाठवा, रिपोर्ट पीडीएफमध्ये घ्या, त्यात केस गळण्यापासून व्यसनाच्या 'टेंडन्सी'पर्यंत सगळं लिहून येतं, आणि इन्स्टावर कुणीतरी पांढरा कोट घालून सांगत असतोच की डोपामिनचं अमुक जीन असलं की माणूस व्यसनी होणार. मला विचाराल तर ही नवी पत्रिका आहे, मंगळाच्या जागी फक्त डीआरडी२ नावाचं जीन बसलंय.

आधीच सांगतो, जीन्सचा काही संबंध नाही असं मला म्हणायचं नाहीये. संबंध आहे आणि चांगला दणकट आहे. पण त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही, आणि जे सांगत सुटतात ते कळत-नकळत दारू विकणाऱ्याला आणि तिच्यावर टॅक्स गोळा करणाऱ्याला अलगद बाजूला काढतात, माझा राग त्यावर आहे.

डोपामिन म्हणजे मजेचं केमिकल असं रील्समध्ये सांगतात ते अर्धवट आहे. मजा येण्यापेक्षा 'परत पाहिजे' या ओढीशी त्याचा संबंध जास्त. म्हणून तर ज्याला दारू आता पचतही नाही, घेतली की ओकाऱ्या होतात, तो पण सकाळी देशीच्या बारचं शटर उघडायची वाट बघत उभा असतो, त्याला काय मजा येत असते का? दारू, गर्द, तंबाखू, एमडी (मेफेड्रोन), प्रत्येकाची मेंदूत शिरायची वाट वेगळी, पण शेवटी सगळे त्याच सर्किटमधलं डोपामिन वाढवतात. ते डोपामिन समोरच्या पेशीवर ज्याला जाऊन चिकटतं त्या रिसेप्टर्सचे पाच प्रकार, त्यातला डी२ हा व्यसनाच्या गोष्टीतला हिरो म्हणा किंवा व्हिलन म्हणा, आणि तो बनवायची कृती ज्या जीनमध्ये आहे ते डीआरडी२, क्रोमोसोम नंबर ११ वर.

१९९० मध्ये अमेरिकेत केनेथ ब्लम आणि अर्नेस्ट नोबल यांच्या टीमने मेलेल्या माणसांचे ७० मेंदू तपासले, ३५ दारूडे आणि ३५ दारूडे नसलेले. डीआरडी२च्या जवळचा ए१ नावाचा एक व्हेरियंट, म्हणजे डीएनएतला छोटासा फरक, दारूड्यांपैकी ६९ टक्क्यांमध्ये सापडला आणि बाकीच्यांपैकी २० टक्क्यांमध्ये. झालं, दारूचं जीन सापडलं म्हणून जगभर बोंब. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ब्लम यांचा स्टडी ज्यात आला होता त्याच 'जामा' नावाच्या जर्नलमध्ये दुसऱ्या टीमने छापलं की आम्हाला असं काही दिसलं नाही. पुढची कित्येक वर्षं हेच चाललं, एकाला दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही. आणि २००४ मध्ये तर कळलं की हा ए१ मुळात डीआरडी२मध्ये नाहीचये, शेजारच्या एएनकेके१ नावाच्या जीनमध्ये बसतो. म्हणजे १४ वर्षं ज्याच्या नावाने पावती फाडली तो शेजारच्या खोलीत राहत होता.

एकाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही असं का झालं, त्याचं एक कारण आपल्याकडे जास्तच लागू आहे. ए१ वेगवेगळ्या लोकसमूहांमध्ये मुळातच कमी-जास्त असतो. त्यामुळे पिणारे एका समाजातले घेतले आणि न पिणारे दुसऱ्या समाजातले, तर जो फरक दिसेल तो दारूचा नसून समाजाचा असू शकतो. आता विचार करा, आपला देश, पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं, प्रत्येक जातीच्या जीन्सचा आपला आपला हिशोब. इथे कुणी घाईघाईने असा स्टडी केला तर निघणार काय, तर 'अमुक लोकांच्या रक्तातच दारू आहे', जे वाक्य चहाच्या टपरीवर आधीपासून फिरतंच आहे, त्यावर फक्त लॅबचा शिक्का बसेल. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये पुसला गेला, पण पारधी समाजाच्या पोरांना पोलीस अजून त्याच नजरेने बघतात. रक्ताच्या गोष्टी करताना आपल्याकडे जरा जपून बोलावं, एवढंच.

बरं, मग डोपामिनचा विषय संपला का? नाही, उलटा फिरून परत आला. २०२३ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांचे डीएनए एकत्र करून दारू, तंबाखू, गांजा, अफूजन्य ड्रग्ज अशा सगळ्या व्यसनांचा सामायिक भाग शोधला, तेव्हा जीनोममध्ये १९ जागा सापडल्या आणि त्यात डोपामिनचं नियमन करणारी जीन्स ठळक दिसली. म्हणजे ब्लम यांनी दिशा बरोबर धरली होती, पण एक जीन आणि एक व्यसन असा मामला नाहीये, असे खूप सारे व्हेरियंट आहेत आणि एकेकाचा परिणाम चिमूटभर. आणि हे दहा लाख लोक बहुतेक युरोपियन वंशाचे. भांडुपच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये ते आकडे जसेच्या तसे उतरवणं म्हणजे लंडनच्या हवामानावरून इथला पाऊस सांगण्यासारखंच.

मी ज्युनियर कॉलेजला बायो शिकवतो. अनुवंशाचा चॅप्टर आला की मेंडेलचे वाटाणे येतात, उंच-बुटके, हिरवे-पिवळे, आणि पोरांच्या डोक्यात कायमचं बसतं की जीन आहे म्हणजे गुण आहे. मग दरवर्षी कुणीतरी तास संपल्यावर थांबतं, बाकीचे गेल्यावर विचारतं, सर, पप्पा पितात, म्हणजे माझं पण तसंच होणार का? वाटाण्याचं उत्तर इथे चालत नाही हे समजावायला माझी दहा मिनिटं जातात आणि समोरच्याचा चेहरा काही सुटत नाही. म्हणून आता मी थेट आकड्यांवर येतो. जुळ्या भावंडांचे जेवढे स्टडीज झालेत त्यातून दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा निघतो. आणि १९७३ मध्ये डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास झाला, जन्मदाते दारूडे असलेले पण दुसऱ्या घरात वाढलेले मुलगे, त्यांच्यात दारूच्या व्यसनाचं प्रमाण १८ टक्के निघालं, बाकीच्या दत्तक मुलग्यांमध्ये ५ टक्के. जवळजवळ चौपट. घाबरायचंच असेल तर इथे घाबरा. पण तोच आकडा दुसऱ्या बाजूने वाचा ना, १८ टक्के झाले म्हणजे ८२ टक्के झाले नाहीत, दारूड्याचेच मुलगे असून.

त्या ८२ टक्क्यांसारख्या लोकांबद्दल कुणी बोलत नाही याचं मला नवल वाटतं. नोरा वोल्को म्हणून अमेरिकेतल्या मोठ्या संशोधक आहेत, व्यसनी माणसांच्या मेंदूत डी२ रिसेप्टर कमी दिसतात हे त्यांनी स्कॅनवर दाखवलं. २००६ मध्ये त्यांनी उलट काम केलं, घरात दारूचं व्यसन असून स्वतः त्यात न अडकलेल्या लोकांचे स्कॅन काढले. त्यांच्यात डी२ सर्वसाधारण घरातल्या लोकांपेक्षा जास्त निघाले! स्टडी लहान होता, मान्य, पण म्हणजे पिणाऱ्या घरातून धोकाच येतो असं नाही, कधीकधी बचाव पण येत असावा. मामाला हे सांगून बघा.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि त्यासाठी लॅबमध्ये जायची गरज नाही. क्रोमोसोम ११ची एक प्रत मुलीला पण बापाकडून मिळते ना? दारूड्या बापाचं जे काय आहे ते मुलग्याइतकंच मुलीकडे येतं. तरी २०१९ मध्ये केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेला देशभराचा सर्व्हे बघा, १० ते ७५ वयाच्या पुरुषांमध्ये २७.३ टक्के दारू पिणारे, बायकांमध्ये १.६. जीन्स त्याच, घर तेच, बाप तोच, आणि फरक सतरा पट. एकाच चाळीत भाऊ गटारात पडलेला असतो आणि बहीण धुणीभांडी करून त्याच्या पोरांची फी भरत असते, तिच्यात डोपामिन नाही असं आहे का? तिच्या हातात ग्लास कुणी दिलाच नाही, आणि तिने घेतला असता तर चाळीने तिला जगू दिलं नसतं. बायकांवरची ही दडपशाही चांगली आहे असा अर्थ प्लीज काढू नका. मी एवढंच म्हणतोय की ज्याला आपण रक्त म्हणतो ते किती मोठ्या प्रमाणात ग्लास कुणाच्या हातात येतो यावर चालतं, त्याचा याच्यापेक्षा ढळढळीत पुरावा दुसरा मिळणार नाही.

जपानचं उदाहरण पण याच कामाचं. दारूच्या बाबतीत सगळ्यात ताकदवान जीन्स डोपामिनची नाहीतच, ती आहेत लिव्हरची. एएलडीएच२ हे जीन दारू पचवायला लागणारं एक एन्झाइम बनवतं, त्याचा एक व्हेरियंट पूर्व आशियात खूप लोकांत असतो, त्यांनी थोडी घेतली तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, मळमळतं, कारण दारू पचताना मध्ये जो विषारी पदार्थ तयार होतो तो पुढे सरकतच नाही. साहजिकच असे लोक दारूडे कमी होतात. पण १९७९ मध्ये जपानी दारूड्यांमध्ये हा व्हेरियंट असलेले २.५ टक्के होते, १९८६ मध्ये ८ आणि १९९२ मध्ये १३. तेरा वर्षांत जीन्स बदलत नाहीत हो, ऑफिस सुटल्यावर साहेबाबरोबर बसायची पद्धत बदलते. निसर्गाने दिलेलं इतकं मजबूत कुलूप जर कंपनीच्या पार्ट्यांपुढे टिकलं नाही, तर चिमूटभर परिणामाच्या व्हेरियंटवरून तुम्ही माझ्या स्टुडंटचं भविष्य काय सांगणार.

आपल्याकडे जपानपर्यंत जायची पण गरज नाही. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत कापड गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि बहुतेकांच्या गिरण्या परत नीट सुरू झाल्याच नाहीत. त्यानंतरच्या वर्षांत लालबाग-परळच्या चाळींत दारू कशी वाढली आणि ऐंशीच्या दशकात गर्द कुठल्या गल्लीत कुणी आणला, हे तिथल्या जुन्या माणसाला विचारा, तो नावानिशी सांगेल. त्या पोरांचे आजोबा पण तीच जीन्स घेऊन कोकणातून आले होते, पण त्यांना भोंगा वाजला की पाळीवर जायचं होतं. व्हिएतनाम युद्धात हीच गोष्ट उलटी झाली, तिथले जवळजवळ २० टक्के अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते, घरी परतल्यावर त्या व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले फक्त ५ टक्के. लढाई सुटली, हेरॉइन हाताशी राहिलं नाही, आजूबाजूला घरची माणसं आली. इकडे आपली पोरं मात्र गिरणी गेल्यावरही त्याच गल्लीत राहिली.

आणि डोपामिनवाल्यांनी पण परिस्थितीला असं बाहेर काढू नये, कारण परिस्थिती डोपामिनमध्येच घुसते. २००२ मध्ये माकडांवर एक प्रयोग छापून आला. एकटी-एकटी ठेवलेली माकडं सगळी जवळपास सारखी होती, मग त्यांना चार-चारच्या गटात ठेवलं, नेहमीप्रमाणे कुणी दादा झाला, कुणी मार खाणारा. तीन महिन्यांनी स्कॅन केलं तर दादा माकडांचे डी२ वाढलेले, खालच्यांचे होते तसेच, आणि कोकेन समोर ठेवल्यावर खालची माकडं त्याच्या मागे लागली, दादांना त्यात तेवढा रस नव्हता. म्हणजे रिसेप्टर किती असतील हे नुसतं जीन ठरवत नाही, तुम्ही कुणाच्या पायाखाली आहात हे पण ठरवतं. आता पहाटे कचऱ्याच्या गाडीवर चढणारा कंत्राटी सफाई कामगार डोळ्यासमोर आणा, मॅनहोलमध्ये उतरणारा आणा, जे सरळ सांगतात की थोडी मारल्याशिवाय तो वास सहन होत नाही. त्यांची डीएनए टेस्ट करून आपण नेमकं काय शोधणार आहोत?

अशी टेस्ट कशी फसते ते अमेरिकेत बघून झालंय. अफूजन्य पेनकिलरचं व्यसन लागेल का हे १५ व्हेरियंट बघून सांगणारी एक टेस्ट आली, त्यात डोपामिनचे व्हेरियंट भरपूर. २०२२ मध्ये एफडीएच्या, म्हणजे अशा टेस्टना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याच्या, स्वतःच्या सल्लागारांनी ११ विरुद्ध २ मतांनी नको म्हटलं, तरी २०२३च्या डिसेंबरमध्ये तिला मंजुरी मिळाली. नंतर साडेचार लाख माजी सैनिकांच्या डेटावर तेच १५ व्हेरियंट तपासले तर नाणं उडवून सांगितलं असतं तरी साधारण तेवढंच बरोबर आलं असतं. यातला खरा धोका दोन्हीकडून आहे. ज्याला रिपोर्टमध्ये 'हाय रिस्क' आलं तो आयुष्यभर स्वतःकडे संशयाने बघणार, किंवा म्हणणार जाऊ दे, आता नशिबातच आहे तर भर पेग. आणि ज्याला 'लो रिस्क' आलं तो बिनधास्त होणार, तो जास्त डेंजर.

कुणी म्हणेल, सर, पण जीन्समुळे निदान लोकांना कळतं तरी की हा आजार आहे, माज नाही. हे मला पटतं, अगदी मनापासून पटतं. बायको-पोरं जेव्हा 'याला आमच्यावर प्रेमच नाही' म्हणून रडतात तेव्हा त्यांना मेंदूत काय चाललंय हे समजावणं गरजेचं आहे. पण आजार म्हणायचं तर मग पूर्ण म्हणा ना! मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये दारू-ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत आहेत, आणि मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच इन्शुरन्स द्या असंही त्याच कायद्यात लिहिलंय. आता घरातली मेडिक्लेमची पॉलिसी काढा, एक्स्क्लूजन्सच्या यादीत बारावा कोड शोधा. दारू, ड्रग्ज आणि कुठल्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम, कव्हर नाही. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने जेनेटिक आजार सरसकट वगळणं हा भेदभाव आहे असं म्हटलं होतं. मग वर्षानुवर्षं आम्हाला सांगताय ना की व्यसन निम्मं जेनेटिक आहे, तर हा बारावा कोड अजून तिथे काय करतोय? जीनची भाषा कंपन्यांच्या गळ्यात बांधायची वेळ आली की सगळे गप्प.

२०१९च्या त्याच सर्व्हेत आहे, दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांमधल्या एकालाच काही ना काही उपचार मिळाले, आणि ॲडमिट होऊन उपचार १८० मध्ये एकाला. नाल्ट्रेक्सोन, डायसल्फिरामसारख्या गोळ्या आहेत, महागातल्या नाहीत. डायसल्फिराम तर तेच करते जे त्या जपानी व्हेरियंटमुळे आपोआप होतं, तेच एन्झाइम बंद पाडते. पण लोकलच्या डब्यात 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशी स्टिकरं लावलेली असतात ना, त्या पुड्यांत काय आहे कुणाला माहीत नसतं, आणि डायसल्फिरामची गोळी न सांगता भाजीत घालणं म्हणजे माणूस मारायचा धंदा आहे, वरून प्यायला तर बीपी कोसळू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याची एका दिवसात बंद करणं पण तसंच, फिट्स येतात, भ्रम होतो, जीव जातो. हे सांगायला केईएम हॉस्पिटलच्या व्यसनमुक्ती विभागात किंवा नायर हॉस्पिटलच्या सायकियाट्रीत डॉक्टर बसलेले आहेत, पण सकाळच्या ओपीडीला जायचं तर रोजंदारी बुडते, म्हणून लोक स्टिकरवरचा नंबर फिरवतात.

आणि दुसऱ्या बाजूला दुकान. आपल्या राज्यात कागदावर दारू प्यायला अजून परमिट लागतं, १९४९चा कायदा आहे, बीअर-वाइनला वय २१ आणि त्यावरच्या कडक मालाला २५. वाइन शॉपच्या काउंटरवर वय विचारताना तुम्ही कधी बघितलंय का, मी नाही. जून २०२५ मध्ये सरकारने दारूवरचा टॅक्स वाढवला, वर्षाला १४ हजार कोटी जास्त मिळतील असा अंदाज सांगितला. महाग झाली की पिणं कमी होतं हे जगभर दिसलंय, त्यामुळे टॅक्सला माझा विरोध नाही, फक्त स्वस्तातली पिणारा माणूस मग हातभट्टीकडे वळतो आणि त्याचं काय होतं ते २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालवणीत बघून झालंय, मालवणीत शंभरावर माणसं मेली, मिथेनॉलने. त्यामुळे नुसता भाव वाढवून चालत नाही, त्या पैशातला ठरलेला हिस्सा उपचाराला पाहिजे, संध्याकाळची ओपीडी पाहिजे, कामावरून सुटल्यावर जाता येईल अशी, आणि ती वस्तीच्या जवळ पाहिजे, जिथे वाइन शॉप आहे तिथेच हवी. आणि वस्तीतल्या बायकांनी बाटली आडवी करायची, म्हणजे मतदानाने दारूचं दुकान बंद करायचं म्हटलं की एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, आलेल्यांपैकी नाही, एकूण! नगरसेवक निवडून यायला कुठे लागतात एवढी? हा नियम आधी बदला.

त्या तासानंतर थांबणाऱ्या पोराला मी टेस्ट करायला सांगत नाही. वडील पितात हे त्याला माहीत आहे, ती फुकटातली माहिती कुठल्याही थुंकीच्या रिपोर्टपेक्षा जास्त खरी आहे. तुझा धोका दुसऱ्यांपेक्षा जास्त आहे, म्हणून पहिला पेग जितका पुढे ढकलशील तितकं बरं, मित्रांनी बर्थडेला कितीही आग्रह केला तरी, एवढंच सांगतो. आणि वडिलांना कुठे न्यायचं तो पत्ता देतो, बरोबर ओपीडीची वेळ पण, जी नेमकी त्यांच्या ड्युटीच्या वेळेतच असते.